३७.३३ सेकंदांचा हिशेब

ऑगस्ट १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी मुरलीकांत पेटकर यांनी दिव्यांगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत, म्हणजे आजच्या भाषेत पॅरालिम्पिकमध्ये, ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणाची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. त्यांच्या गटातला तो जागतिक विक्रम होता. पेटकर सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे, वय २७ वर्षे. सात वर्षांपूर्वी पाकिस्तानशी झालेल्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले होते. चाळीसहून अधिक देशांतले सुमारे हजार खेळाडू त्या स्पर्धेला आले होते आणि पदकतक्त्यात भारताच्या नावापुढे एवढे एकच पदक लागले. दोन आठवड्यांनी म्युनिकला ऑलिंपिक सुरू झाले, तिथे भारताला हॉकीचे कांस्य मिळाले आणि देशाच्या आठवणीत ते वर्ष त्या कांस्याचे म्हणून राहिले. २००८ मध्ये अभिनव बिंद्राने बीजिंगला नेमबाजीत भारताचे ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्ण जिंकले तेव्हा हायडेलबर्गला ३६ वर्षे झाली होती. पेटकरांचे नाव तोवर सैन्याबाहेर आणि अपंगांच्या संस्थांबाहेर जेमतेमच कुणाला ठाऊक होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या हाती पडला. आता ही कहाणी घरोघरी पोचली आहे. ती सांगण्याची रीतही ठरून गेली आहे: जखम, निराशा, जिद्द आणि शेवटी सुवर्ण. या रीतीत खोटे काही नाही. पण गोष्टीतले निम्मे तिच्यातून गळून पडते, आणि जे गळते तेच आपण शिकायला हवे, असे या लेखाचे म्हणणे आहे. पेटकर पाण्यात उतरू शकले यामागे काही माणसांनी जाणीवपूर्वक उभी केलेली एक व्यवस्था होती. व्यवस्था होती तिथे दिव्यांग खेळाडू जिंकले, नव्हती तिथे तेवढीच जिद्द असलेली माणसे घरातच बसून राहिली. गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास हेच दाखवतो.

हा इतिहास खेळाच्या मैदानावर सुरू होत नाही, तो इस्पितळाच्या वॉर्डात सुरू होतो. पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेला सैनिक वाचण्याची आशा कुणी धरत नसे. त्याला मारत ती जखम नव्हे. एका कुशीवर पडून राहिल्याने पाठीला चिघळणारे व्रण आणि मूत्रमार्गात होणारा जंतुसंसर्ग बहुतेकांचा काही महिन्यांत बळी घेत. अशा रुग्णाला प्लास्टरमध्ये बांधून, गुंगीची औषधे देऊन कोपऱ्यात ठेवणे हाच उपचार समजला जाई. लुडविग गुटमन या ज्यू मज्जाशल्यचिकित्सकाने हे उलटे करून दाखवले. जर्मनीतल्या ब्रेसलाउ शहरात त्याचा मोठा लौकिक होता. नाझी सत्तेने ज्यू डॉक्टरांवर बंधने लादली आणि १९३९ मध्ये बायकोमुलांसह तो इंग्लंडला निघून गेला. युरोपात सैन्य उतरवायची तयारी करताना मणक्याच्या जखमा मोठ्या संख्येने येणार हे ब्रिटिश सरकारने ओळखले होते. त्यासाठी १ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनजवळ एल्सबरी येथील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात स्वतंत्र विभाग उघडला आणि तो गुटमनकडे दिला. गुटमनने पहिल्यांदा प्लास्टर काढले, गुंगीची औषधे कमी केली आणि नियम घातला की दिवस असो वा रात्र, दर दोन तासांनी प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे. या नियमात वैद्यकीय चमत्कार काही नव्हता, तिथे माणसे आणि शिस्त लागत होती. अर्धमेले, वजनदार शरीर माणसांनी मध्यरात्री दोन वाजता उचलून वळवायचे, पुन्हा चार वाजता वळवायचे, आणि हे महिनोन्‌महिने करायचे. रुग्ण जगू लागले. मग पुढचा प्रश्न उभा राहिला: जगले, आता करायचे काय?

गुटमनचे उत्तर व्यवहारी होते. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती अशा कार्यशाळा त्याने वॉर्डाला जोडल्या, कारण रुग्णाने घरी जाऊन पोटापाण्याचे काम करावे आणि इतरांसारखा कर भरावा, असे त्याचे ध्येय होते. खेळही याच विचारातून आला. रुग्ण चाकाच्या खुर्चीत बसून उलट्या धरलेल्या काठीने चकती टोलवत असत. त्यातून व्हीलचेअर पोलोचा खेळ तयार झाला, मग नेटबॉल आणि बास्केटबॉल आले. धनुर्विद्येवर गुटमनचा विशेष भर होता. तिने दंड आणि पाठ बळकट होते, शिवाय नेम धरण्यात पायांचा वाटा कमी असल्याने बसलेला तिरंदाज उभ्या तिरंदाजाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया अशा १६ तिरंदाजांचा सामना झाला. पाहुणा संघ होता रिचमंडच्या ‘स्टार अँड गार्टर’ या जखमी सैनिकांच्या आश्रमाचा, आणि जिंकला तोच. त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा क्वचितच होते. माजी सैनिकांच्या संघटनेने आणि लंडनच्या परिवहन संस्थेने मिळून, चाकाच्या खुर्च्या चढवता येतील अशी बदल केलेली बस त्या समारंभात रुग्णांसाठी भेट दिली. पॅरालिम्पिक चळवळीचा पहिला सामना आणि पहिली बस एकाच दिवशीची आहेत. बस नसती तर पुढच्या वर्षी सामना खेळायला दुसऱ्या गावी कोण आणि कसे गेले असते?

त्यानंतरचा विस्तार भराभर झाला. १९५२ मध्ये हॉलंडचे माजी सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या कामाला फर्नली चषक देऊन गौरवले. १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकपाठोपाठ त्याच शहरात २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले. आज त्या स्पर्धेला पहिले पॅरालिम्पिक मानतात. पण रोममध्ये खेळाडूंच्या वाट्याला आलेल्या इमारती खांबांवर उभ्या होत्या आणि वर जायला जिने होते. शेवटी इटलीच्या सैनिकांनी खेळाडूंना खुर्च्यांसकट उचलून वर नेले आणि खाली आणले. जागतिक दर्जाचे खेळाडू, आणि जेवायला खाली यायचे तर कुणीतरी उचलणार तेव्हा. शरीराची मर्यादा कुठे संपते आणि आर्किटेक्टची कुठे सुरू होते, हे रोमच्या जिन्यांनी जितके स्पष्ट केले तितके कुठल्याही भाषणाने केले नसेल. त्याच खेळाडूला मैदानावर अडचण नव्हती. अडचण होती ती जिन्यावर, आणि जिना माणसाने बांधलेला होता.

आता पेटकरांकडे वळू. ते सैन्याच्या ईएमई म्हणजे विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात होते आणि मुष्टियोद्धे म्हणून नाव कमावत होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर ते जखमी झाले, एक गोळी मणक्यापाशी अडकून राहिली. पुढचे उपचार मुंबईत कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात झाले आणि तिथे व्यायामोपचार म्हणून त्यांना पोहायला लावले गेले. स्टोक मँडेव्हिलची पद्धत इथवर पोचली होती आणि तिच्यासाठी जमीन आधीच तयार होती: पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी, १९१७ मध्ये मुंबईत निघालेली आणि पुढे खडकीला गेलेली ‘क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट’ पेटकर जन्मण्याआधीपासून चालू होती. सैन्यातून बाहेर पडल्यावर पेटकरांना पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी मिळाली. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी अपंगांच्या कामाला वाहून घेतले होते. त्यांच्या संस्थेने परदेशी जाण्याचा खर्च उचलला. १९६८ मध्ये भारताचा पहिला पॅरालिम्पिक संघ तेल अवीवला गेला, त्यात पेटकर टेबल टेनिस खेळले. १९७० मध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल देशांच्या अपंगांच्या स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्ण जिंकले, शिवाय भालाफेकीत आणि गोळाफेकीत पदके मिळवली. म्हणजे हायडेलबर्गच्या ३७.३३ सेकंदांमागे लष्करी रुग्णालयाचा तलाव, पोहायला शिकवणारे हात, पगार देणारी नोकरी, तिकीट काढून देणारी संस्था आणि चार वर्षांचा आंतरराष्ट्रीय अनुभव एवढे सगळे होते. यातली एक कडी निखळली असती तरी पेटकरांची जिद्द तेवढीच राहिली असती, पदक मात्र आले नसते.

स्पर्धा हायडेलबर्गला झाली याचे कारणही बोलके आहे. ती म्युनिकला व्हायला हवी होती. पण ऑलिंपिक संपताच क्रीडाग्रामातल्या सदनिका खासगी घरांत रूपांतरित करायच्या ठरल्या होत्या, त्यामुळे खेळाडूंना जागा उरली नाही. मग हायडेलबर्ग विद्यापीठाने आपली क्रीडासंस्था देऊ केली आणि ऑलिंपिकच्या आधीच, २ ते ११ ऑगस्टदरम्यान, स्पर्धा उरकली. अशी परवड एकदाच झाली नाही. मेक्सिको सिटीने नकार दिल्याने १९६८ ची स्पर्धा तेल अवीवला गेली होती. १९८० मध्ये मॉस्कोने हात वर केले आणि हॉलंडमधले आर्नेम पुढे आले. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठाने ऐन वेळी पैशांअभावी अंग काढून घेतले, तेव्हा चाकाच्या खुर्चीवरचे सामने पुन्हा स्टोक मँडेव्हिललाच भरवावे लागले. उतरंडीत आपली जागा कुठे आहे हे या खेळाडूंना दर चार वर्षांनी कळत होते. पुढे या चळवळीचे नेतृत्व करणारा एक माणूस योगायोगाने हायडेलबर्गलाच खेळाडू म्हणून हजर होता. कड्यावरून पडून सोळाव्या वर्षी पायांतली शक्ती गमावलेला फिलिप क्रेव्हन हा इंग्लिश तरुण तिथे पोहण्यात उतरला होता, पुढे त्याचे नाव व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये झाले. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती स्थापन झाली आणि २००१ मध्ये क्रेव्हन तिचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी ऑलिंपिक समितीशी करार पक्का झाला: जे शहर ऑलिंपिक मागेल त्याने पॅरालिम्पिकही भरवायचे, त्याच मैदानांवर आणि त्याच क्रीडाग्रामात. क्रीडाग्रामातल्या सदनिकांचा प्रश्न सहानुभूतीने सुटला नाही, कराराच्या कलमाने सुटला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो महाराष्ट्रातूनच येतो. पेटकर विस्मरणात गेले त्यात अपंगत्वाचा काय संबंध? पेठपासून फार लांब नसलेल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्य जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून त्यांना पैसे दिले, परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि मग सरकारला त्यांचा विसर पडला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. मग हा देश क्रिकेटपटू सोडून साऱ्याच खेळाडूंना विसरतो असे का म्हणू नये? आक्षेपात तथ्य आहे, पण फरक पाहा. खाशाबांचे पदक विसरले गेले, तरी ते ऑलिंपिकचे पदक आहे का, कुस्ती हा खरा खेळ आहे का, असे कुणी विचारले नाही. पेटकरांचे पदक मोजण्यातच आले नाही. त्याला काही अंशी तांत्रिक कारणही होते: १९७२ च्या स्पर्धेचे अधिकृत नाव अजून स्टोक मँडेव्हिल क्रीडास्पर्धा असेच होते, पॅरालिम्पिक हे नाव ऑलिंपिक समितीने १९८४ मध्ये मान्य केले. पण तांत्रिक कारण तेव्हाच संपले होते, मौन आणखी तीन दशके टिकले. कारण खोलवर असा समज होता की ही उपचारांची स्पर्धा आहे, रुग्णांचे मन रमवण्याची सोय आहे, कौतुक करून पुढे जावे. खाशाबांना उपेक्षा भोगावी लागली, पेटकरांना उपेक्षा आणि दया या दोन्ही. दयेमुळे झालेली उपेक्षा अधिक चिवट असते, कारण ती करणाऱ्याला आपण उपेक्षा करतो आहोत हे जाणवतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. पॅरालिम्पिकमध्ये एकाच शंभर मीटर धावण्याच्या शर्यतीची डझनावारी सुवर्णपदके असतात. इतके गट पाडले तर सुवर्णाला किंमत ती काय? कुस्तीच्या मातीत वाढलेल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. खाशाबा बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोच्या गटात लढले. त्यांच्यासमोर शंभर किलोचा मल्ल उभा नव्हता म्हणून त्यांचे कांस्य हलके ठरले नाही. वजनाचे गट पाडतो ते शंभर किलोचा पैलवान कौशल्याशिवाय केवळ भाराने जिंकू नये यासाठी. दिव्यांग खेळाडूंच्या वर्गीकरणाचे तत्त्व तेच आहे: निकाल शारीरिक मर्यादेने लागू नये, तयारीने लागावा. सुरुवातीला डॉक्टर मणक्याची इजा कुठल्या मणक्याला आहे एवढे पाहून गट ठरवत. पुढे शरीर खेळात प्रत्यक्ष काय करू शकते हे पाहिले जाऊ लागले. व्हीलचेअर बास्केटबॉलचा नियम यातला सर्वांत चतुर. प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण दिलेले असतात, ज्याचे धडावर नियंत्रण कमी त्याला कमी गुण. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. परिणाम असा की प्रशिक्षकाला सगळे ४.५ वाले घेताच येत नाहीत. ज्याला उंचावर हात पोचवता येत नाही पण आपली खुर्ची नेमक्या जागी आडवी घालून प्रतिस्पर्ध्याला अडवता येते, असा एक गुणाचा खेळाडू संघाला हवाच असतो. सर्वांत कमकुवत शरीराच्या माणसावाचून संघ उभा राहू नये, असे या नियमानेच बांधून ठेवले आहे. आपल्या कचेऱ्यांनी आणि शाळांनी असे किती नियम केले आहेत?

वर्गीकरणात फसवणूक होत नाही असे मात्र नाही. २००० साली सिडनीला बौद्धिक अक्षमतेच्या गटातल्या बास्केटबॉलचे सुवर्ण स्पेनने जिंकले आणि थोड्याच दिवसांत संघातल्याच एका पत्रकाराने उघड केले की बारापैकी दहा जणांना कसलीही अक्षमता नव्हती. पदके परत घेतली गेली. शिक्षा मात्र निरपराधांना झाली: बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचे सामनेच बंद पडले आणि २०१२ च्या लंडनपर्यंत त्यांना परत येता आले नाही. यावरून काहीजण म्हणतात की ही पद्धतच कुचकामी आहे. उत्तेजक द्रव्यांमुळे धावण्याच्या शर्यती कुचकामी ठरत नाहीत, मग हीच पद्धत का ठरावी? स्पेनच्या प्रकरणातून उलट दुसरेच काही दिसते. पॅरालिम्पिकचे सुवर्ण लबाडी करून मिळवावे इतके मोलाचे झाले होते, तरी ज्या खेळाडूंच्या नावावर ते मिळवले त्यांची तपासणी कसून करावी इतके महत्त्व कुणी त्यांना दिले नव्हते. इथेही अपयश आले ते व्यवस्थेला.

भारताचा आलेख या सगळ्याची कसोटी घेतो. १९७२ मध्ये एक पदक. पुढच्या दोन स्पर्धांना भारताचा संघच नव्हता. १९८४ मध्ये चार पदके, त्यातली तीन एकट्या जोगिंदरसिंग बेदींची आणि एक भालाफेकीतले भीमराव केसरकर यांचे रौप्य. मग वीस वर्षे काहीच नाही. २००४ मध्ये अथेन्सला देवेंद्र झाझरियाने ६२.१५ मीटर भाला फेकून जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकले आणि राजिंदरसिंग राहेलूने कांस्य मिळवले. २००८ मध्ये शून्य, २०१२ मध्ये एक, २०१६ मध्ये रिओला चार. म्हणजे १९६८ पासून रिओपर्यंत एकूण १२. त्यानंतर टोकियोत १९ आणि २०२४ मध्ये पॅरिसला २९. खेळाडूंची संख्या पाहिली तर उलगडा होतो: रिओला १९ जण गेले होते, टोकियोला ५४, पॅरिसला ८४. सरकारच्या ‘टॉप्स’ योजनेत दिव्यांग खेळाडूंनाही प्रशिक्षण, साधने आणि निर्वाहभत्ता मिळू लागला आणि पदकविजेत्यांचे रोख बक्षीस ऑलिंपिकवीरांच्या बरोबरीला आले. याच्या नेमके आधी काय होते हेही नोंदवले पाहिजे. मार्च २०१५ मध्ये गाझियाबादला राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा खेळाडूंना अर्धवट बांधलेल्या इमारतीत झोपावे लागले, चाकाची खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह नव्हते. आंतरराष्ट्रीय समितीने त्यानंतर भारतीय संघटनेला निलंबित केले. २०१५ ची निराशा आणि २०२४ ची २९ पदके यांत अंतर जेमतेम नऊ वर्षांचे आहे. एवढ्या काळात भारतीय माणसाची इच्छाशक्ती कित्येक पटींनी वाढली असे कुणी म्हणणार नाही. १९८४ ते २००४ या वीस वर्षांत ती आटली होती असेही नाही. खेळाडू होते, त्यांच्यापर्यंत पोचणारे कुणी नव्हते.

मग सारे श्रेय व्यवस्थेला देऊन खेळाडूला लहान करायचे का? असा अर्थ निघत असेल तर तो चूक आहे. ‘अश्विनी’च्या तलावात पेटकर एकटे पोहले नव्हते, विक्रम मात्र त्यांनी केला. सुविधा असणे ही अट आहे, हमी नाही. उलट व्यवस्था नीट असते तेव्हाच खेळाडूचे खरे कर्तृत्व दिसू लागते, कारण तेव्हा तो अपंगत्वाशी लढत नसतो, प्रतिस्पर्ध्याशी लढत असतो. पॅरिसचे उदाहरण घ्या. ४ सप्टेंबर २०२४ रोजी सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी गोळाफेकीच्या एफ-४६ गटात उतरले. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्यांच्या डाव्या हाताला कायमची इजा झालेली. त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकला, हा आशियाई विक्रम होता. कॅनडाच्या ग्रेग स्ट्यूअर्टने १६.३८ मीटर फेकून सुवर्ण नेले. फरक ६ सेंटिमीटरचा. गोळाफेकीत शरीराला वेगाने वळवताना दुसऱ्या हाताच्या झोक्यावर बराच तोल अवलंबून असतो. तो हात साथ देत नसेल तर कंबर, पाय आणि शेवटचा झटका यांची सांगड वेगळ्या पद्धतीने घालावी लागते, ती वर्षानुवर्षे घोटावी लागते. या ६ सेंटिमीटरबद्दल बोलणे म्हणजे खिलारींचा खरा सन्मान. सायकलच्या अपघातावर डोळे पुसून विषय संपवला, तर आपण त्यांची फेक पाहिलीच नाही. जागतिक पातळीवरच्या इतर कुठल्याही खेळाडूचे आपण तंत्र बोलतो, चूक काढतो, पुढच्या वेळी काय करायला हवे याचा वाद घालतो. दिव्यांग खेळाडूच्या वाट्याला फक्त टाळ्या येतात, आणि चूक काढण्याइतके त्याला गंभीरपणे घेतलेच जात नाही.

यावर साधासुधा वाचक म्हणेल: पण मला यांच्याकडे पाहून बळ मिळते, त्यात वाईट काय? काहीच नाही. कुणाच्याही कष्टातून बळ घ्यायची मोकळीक आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग या व्हीलचेअर वापरणाऱ्या पत्रकार-विनोदकाराने २०१४ मध्ये एका गाजलेल्या भाषणात ज्यावर बोट ठेवले ते वेगळे होते. धडधाकट माणसाला स्वतःच्या परिस्थितीबद्दल बरे वाटावे म्हणून दिव्यांगांची चित्रे वापरली जातात, अशी तिची तक्रार होती. ‘याला जमते, मग तुला का नाही?’ या वाक्याचा एक काटा निरोगी पण आळशी माणसाला टोचतो. दुसरा काटा टोचतो तो त्या दिव्यांगाला, ज्याला पदक मिळालेले नाही, ज्याच्या गावात रॅम्प नाही, ज्याच्या शाळेने पीटीच्या तासाला त्याला वर्गात बसवून ठेवले. त्याला हे वाक्य सांगते की तुझ्यात जिद्द कमी पडली. प्रेरणेची भाषा अशी नकळत जबाबदारी सरकवते: ज्यांनी जिने बांधले ते सुटतात आणि ज्याला चढता येत नाही तो आरोपी ठरतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत, त्यातले सुमारे ३० लाख महाराष्ट्रात. त्यांना हवी आहे चढता येईल अशी एसटी, वेळेवर मिळणारे प्रमाणपत्र, शाळा आणि रोजगार. पॅरिसच्या २९ पदकांचा त्यांना काय उपयोग? केवळ पदकांचा खरेच काही उपयोग नाही. पण खेळ आणि एसटी यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे हा चुकीचा हिशेब आहे. १९४८ मध्ये सामना आणि बस एकाच दिवशी आली, कारण एकाच विचाराची ती दोन अंगे होती. ज्या मुलाला तालुक्याच्या क्रीडासंकुलात पोचता येत नाही त्याला महाविद्यालयात, बँकेत, दवाखान्यातही पोचता येत नाही. उच्च दर्जाचा खेळ हा या पोचण्याचा सर्वांत कठोर तपास आहे, कारण तिथे थोडीशी सवड चालत नाही: जगात आठवे येण्यासाठीसुद्धा तलाव रोज उघडा लागतो, प्रशिक्षक लागतो, प्रवास लागतो, न लाजता कपडे बदलता येईल अशी खोली लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळासाठी स्वतंत्र कलम आहे, ते याच अर्थाने महत्त्वाचे आहे. पदकसंख्या वाढते आणि गावच्या शाळेत दिव्यांग मूल मैदानाबाहेरच राहते, अशी स्थिती असेल तर आपण मूठभरांना निवडून वर नेतो आहोत, रोमच्या सैनिकांसारखे उचलून. तिथे कौतुक सैनिकांचे झाले असेल, पण त्या इमारतीत कमी होता तो उतार.

दिव्यांग खेळाडूंचा गौरव करायचा तर म्हणून दोन गोष्टी एकदमच कराव्या लागतील. पहिली, त्यांचा खेळ खेळ म्हणून पाहणे: गट समजून घेणे, सेंटिमीटर आणि सेकंद मोजणे, हरल्यावर हरलात म्हणणे आणि जिंकल्यावर तंत्राला दाद देणे. दुसरी, प्रत्येक सत्कारानंतर विचारणे की या माणसाला इथवर आणणारी साखळी कुणी जोडली आणि ती आपल्या तालुक्यात आहे का. पेटकरांना राष्ट्रीय सन्मान मिळायला ४६ वर्षे लागली याची खंत वाटते ती रास्त आहे. पण त्यांच्यासारखेच पोहू शकले असते आणि ज्यांना कधी तलाव दिसला नाही, अशांची यादी कुणाकडेच नाही. पुढचा पैसा आणि पुढचे कष्ट आधी त्यांच्यावर खर्च झाले, तर पॅरालिम्पिकची पदके आपोआप वाढतील, आणि ती नाही वाढली तरी तो खर्च वाया गेलेला नसेल.